आप्पांचा रोमन

यशवंतपूर, बेंगळुरू
५ नोव्हेंबर २०२५

अण्णा,

तुझा मेसेज काल ऑफिसात वाचला. उत्तर पत्रानं देते आहे, राग मानू नकोस. महत्त्वाचं असेल ते लिहून द्यायचं, हा आपल्या घरचा शिरस्ता आहे. सौद्यात तोंडातून गेलेली बोली परत घेता येत नाही, कागद मात्र टाकण्याआधी पुन्हा वाचता येतो, असं आप्पा म्हणायचे. शिवाय फोनवर मी आधी रडते आणि मग बोलते. त्यात मुद्दा राहून जातो.

तू विचारलंस त्याचं उत्तर आधी देते. होय, बावीस तारखेला आप्पांचं व्याख्यान नक्की झालं आहे. मराठी मंडळाच्या चिटणीस स्मिताताई घरी येऊन सांगून गेल्या. घशाच्या ऑपरेशननंतर आप्पांना आवाज नाही हे त्यांना माहीत आहे, म्हणून आप्पांनी लिहायचं आणि मी वाचायचं असं ठरलं. विषय, एका रोमन कवीचं आयुष्य आणि त्याचं शहाणपण. अध्यक्षस्थानी तुझे सासरे. आप्पांचं नाव हणमंतरावांनीच सुचवलं, 'आमचे व्याही वाचणारे आहेत' म्हणून. हे मी जमवून आणलेलं नाही. तुझ्या मेसेजमध्ये तसा सूर होता, म्हणून लिहिलं.

आणि होय, त्यात ते पान आहे. रोमनचे वडील गुलामगिरीतून सुटलेले, पुढे लिलावात वसुलीचं काम करणारे, हे सांगून झाल्यावर आप्पांनी लिहिलं आहे की मीसुद्धा निपाणीच्या मार्केट यार्डात गुळाच्या ढेपांवर उभा राहून बोली पुकारत होतो, म्हणून हा कवी मला घरचा वाटला.

तू म्हणतोस, ते पान गाळ. वाचणारी मी, आप्पा खाली बसलेले, चुकून दोन पानं एकदम उलटली असं कुणाच्याही हातून होतं. सुचेतावहिनींच्या माहेरी आप्पा 'गुळाचे व्यापारी' आहेत हे मी विसरलेले नाही. लग्नाच्या हॉलमध्ये तू तशी ओळख करून दिलीस तेव्हा आप्पा तुझ्या शेजारीच उभे होते. ज्यांचा आवाज यार्डातून बसस्टँडपर्यंत जायचा, ते त्या दिवशी काहीच बोलले नाहीत. तुमचे आप्पा फार मितभाषी, असं हणमंतराव अजून म्हणतात. त्यानंतर आप्पा व्हाइटफील्डला तुझ्या घरी आले नाहीत, आणि ऑपरेशनचे दिवस सोडले तर तू इकडे आला नाहीस.

मी अजून काही ठरवलेलं नाही. नाही म्हणत नाही आणि होही म्हणत नाही. ठरलं की कळवीन.

रंजिता


११ नोव्हेंबर

अण्णा,

दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसासाठी माझा संसार का पणाला लावता, असं तू लिहिलंस. आईचं म्हणणं साधारण तेच आहे. परवा ती आप्पांसमोर ताट ठेवताना म्हणाली, "मेलेला माणूस घरात आणून बसवलाय आणि जित्या पोराला दार बंद." आप्पांनी जेवण थांबवून पाटी ओढली. आता ते त्या लहान मुलांच्या पाटीवर लिहितात, खालची पट्टी ओढली की पुसली जाते ती. लिहिलं, 'दार उघडंच आहे.' आई म्हणाली, मग वारा तेवढा येतोय आत.

तू इथे असतास तर गेल्या महिन्यात तुला रोमनबद्दल बरंच कळलं असतं. आम्हाला तो रोज जेवणाबरोबर मिळतो. पुस्तक तेच, अडत दुकानात गूळ बांधायला आलेल्या रद्दीतून आप्पांनी काढून घेतलेलं, पुठ्ठा नसलेलं. कवीचं नाव त्यांच्या जिभेवर कधी बसलं नाही, म्हणून आपल्या घरी तो 'आपला रोमन'च राहिला. एका खेडेगावातला मुलगा. गावच्या शाळेत मोठ्या फौजदारांची पोरं जायची. बापानं त्याला तिथे घातलं नाही, उचलून थेट रोमला नेलं आणि प्रत्येक गुरूच्या दारापर्यंत स्वतः सोबत गेला. पुढे मुलगा लढाईत उतरला, तीही हरणाऱ्या बाजूनं, आणि ढाल टाकून पळाला. मग कारकुनी केली, कविता केल्या, नाव झालं. बादशहानं त्याला स्वतःची पत्रं लिहायला बोलावलं, तर त्यानं नम्रपणे नकार दिला.

इथे आई थांबली. एवढी नोकरी सोडून खाणार काय, हा तिचा प्रश्न. आप्पांनी लिहिलं, 'लहानशी शेती. पाण्याचा झरा. थोडी झाडं.' आईनं विचार केला आणि म्हणाली, मग बरोबर आहे. तो बुटका आणि गुटगुटीत होता आणि त्यावरून स्वतःचीच थट्टा करायचा, हे ऐकल्यापासून तर तो तिला आवडायलाच लागला आहे.

शहाणपणाच्या भागात आप्पांनी फार काही लिहिलेलं नाही. पुरे असेल तिथे पुरे म्हणता यावं, कशाचंही टोक गाठू नये, आजचा दिवस आज वापरावा. मी विचारलं, एवढंच? त्यांनी लिहिलं, 'करून बघ.'

आता तुझ्याबद्दलचं. तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. रोमनचा बाप मुलाला शिकवायचा कसा, तर रस्त्यातल्या माणसांकडे बोट दाखवून. हा उधळ्या, याच्यासारखा होऊ नकोस. तो शब्दाचा पक्का, त्याच्यासारखा हो. आप्पांनी ती रीत तशीच्या तशी उचलली. दम्यामुळे मला पाचवीपर्यंत शाळेत घातलं नाही. माझी शाळा म्हणजे आप्पांच्या सायकलचा दांडा आणि निपाणीची बाजारपेठ. तुझी त्याआधीच झाली होती, यार्डात. तुला ते गादीवर बसलेले अडते दाखवायचे. बघ योगी, कसा हळू बोलतो. मोठ्या माणसाला ओरडावं लागत नाही. तसा हो. हे तूच मला सांगितलं आहेस, आप्पांची नक्कल करत, इथे यशवंतपूरच्या गच्चीवर.

मग तुझ्या शिक्षणासाठी त्यांनी निपाणी सोडली आणि इथल्या यार्डात कन्नडमध्ये पुकारायला लागले. कितीदा 'स्वल्प निल्लरी' म्हणून व्यापाऱ्यांना थांबवून तुला शाळेत सोडायला धावायचे, हे आई सांगते. तू त्यांना शाळेच्या कोपऱ्यावरून परत पाठवायचास, हेही सांगते.

मला वाटतं, तू आप्पांना खोटं पाडलं नाहीस. त्यांनी दाखवलेल्या गादीवर नेऊन त्यांना बसवलंस. हे मला परवा ऑफिसच्या बसमध्ये सुचलं, तेव्हापासून तुझा राग करणं अवघड झालं आहे. पण पान वाचायचं की नाही, ते यातून ठरत नाही.

रंजिता


१७ नोव्हेंबर

अण्णा,

ठरलं होतं, आणि मग वेगळंच झालं. क्रमानं लिहिते.

शनिवारी मी एक मधला मार्ग काढला होता. पान पूर्ण गाळायचं नाही, 'मीही बाजारात काम करत होतो' एवढंच वाचायचं. खोटं काही नाही आणि हणमंतरावांना काही कळणारही नाही. ते वाक्य पेन्सिलीनं समासात लिहून ठेवलं. ऑफिसात माझं काम दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका काढायचं आहे. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य मी तसंच तपासलं आणि नापास केलं. ऐकणाऱ्याला चुकीचं समजावं म्हणूनच ते रचलेलं होतं. मग ठरवलं की सगळं वाचायचं, आणि तुला तसं कळवायचं.

पण आप्पांना न सांगता वाचणं मला जमेना. तुझा संसार त्यात आहे हे त्यांना माहीत असायला हवं. म्हणून तुझा मेसेज त्यांना दाखवला. तुझी परवानगी न घेता दाखवला, हे तुला कळवते आहे.

त्यांनी चष्मा लावून वाचला. दोनदा वाचला. पाटीवर पहिलं काय लिहिलं असेल तर 'शुद्धलेखन बिघडलंय त्याचं.' मग उठले, टेबलावरून कागद घेतले, ते पान काढलं, चार घड्या केल्या आणि खिशात ठेवलं.

मी म्हटलं, "आप्पा, मी वाचणार आहे. मला भीती नाही." भीती आहे, पण तसं म्हटलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि बराच वेळ लिहीत बसले. पाटी भरायची, मला दाखवायचे, पट्टी ओढायचे, पुन्हा लिहायचे. मला जेवढं आठवतं तेवढं जसंच्या तसं देते.

'रोमनच्या बापानं स्वतःबद्दल एक ओळ लिहिलेली नाही. आज जे काही माहीत आहे ते पोरानं लिहिलं. लोक गुलामाचा पोर म्हणून हिणवायचे, तर हा स्वतःच आधी सांगायचा. पुन्हा जन्म मिळाला आणि आईबाप निवडायला सांगितलं तरी हेच घेईन म्हणायचा.'

पुसलं.

'ते पोरानं म्हणायचं असतं. बापानं माइकवरून म्हटलं तर ती जाहिरात.'

पुसलं.

'मी सगळ्या गावाकडे बोट दाखवलं. माझ्याकडे दाखवायचं राहिलं. मग तो काय बघणार?'

हे त्यांनी पुसलं नाही. पाटी तशीच टेबलावर ठेवून फिरायला गेले. आईनं ती वाचली आणि भाजी निवडायला बसली. माझ्याकडे बघून म्हणाली, आता तरी जेवशील का नीट, आठवडाभर चिमणीसारखी टिपतेयस.

तेव्हा तुला हवं होतं ते झालं आहे. पान नाही. बावीस तारखेला तू यायला हरकत नाही. आप्पांनी तसं सांगितलेलं नाही, मी सांगते आहे. ये.

रंजिता


२३ नोव्हेंबर, रविवार

अण्णा,

हे पत्र उद्या सकाळी तुझ्या ऑफिसच्या रिसेप्शनवर मी स्वतः आणून ठेवीन. मेट्रोनं येईन, वर बोलावू नकोस. आधीच्या पत्रांसारखं ऑफिसच्या पत्त्यावर पोस्टानं पाठवायला आता वेळ नाही, आणि घरी दिलं असतं तर सुचेतावहिनींच्या हाती आधी पडलं असतं, आणि ते तुझ्या दृष्टीनं बरं झालं नसतं. आधी हे वाच, मग काय रागवायचं ते रागव.

काल तू आला नाहीस. आउटर रिंग रोडवर अडकलोय असा तुझा मेसेज आला, वहिनींना एकटं यावं लागलं. असो.

मंडळाचा हॉल अर्धा भरला होता. पुण्याकडची नवी मंडळी मागे, जुनी मंडळी पंख्याखाली. मी वाचलं. सुरुवातीला आवाज चिरकला, मग स्थिरावला. पळून जाताना ढाल टाकली तिथे लोक हसले, बादशहाला नकार दिला तिथे एका आजोबांनी टाळी वाजवली. काढलेल्या पानाच्या जागी मी थांबले नाही. कुणालाही काही कळलं नाही. तू म्हणाला होतास तसंच.

मग हणमंतराव समारोपाला उठले. त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे, कौतुक करायला लागले की हात आखडत नाहीत. ते म्हणाले, आमचे व्याही निपाणीचे मोठे गुळाचे व्यापारी, पिढीजात पेढी, गादीवर बसून माणसानं एवढं वाचावं ही केवढी गोष्ट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पा पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला असणार.

पिढीजात पेढी कुठून आली, अण्णा? ती तू सांगितलीस की त्यांनी वाढवली, मला माहीत नाही.

मी व्यासपीठावरच होते, कागद गोळा करत. माझं ठरलेलं काही नव्हतं, हे तुला शपथेवर सांगते. आप्पांनी म्हटलेलं एवढंच डोक्यात आलं, की ते पोरानं म्हणायचं असतं. आणि मग आलं की पोर म्हणजे मीही आहे. हणमंतराव खाली बसत होते. मी माइक घेतला आणि म्हटलं, "एक दुरुस्ती आहे. माझे आप्पा व्यापारी नव्हते. ते यार्डात बोली पुकारायचे. त्या कवीचे वडीलही लिलावातच काम करायचे, म्हणून आप्पांना तो सापडला. मला ते सांगायला आवडतं."

शेवटचं वाक्य नको होतं असं नंतर वाटलं. पण ते खरं आहे.

तुझं नाव मी घेतलं नाही. मी माझ्या वडिलांबद्दल बोलले. ते तुझेही आहेत हे तिथे निदान दोन माणसांना माहीत होतं, आणि त्यातल्या एकीचा चेहरा मी बघू शकले नाही.

खाली आले तेव्हा आप्पांनी पाटी पुढे केली. मला वाटलं, आता बोलणी. लिहिलं होतं, 'शेंगांचं राहिलं.' गुळाबरोबर भुईमुगाच्या शेंगांचे सौदेही ते पुकारायचे, ते मी सांगितलं नाही, अशी तक्रार. आई म्हणाली, "जा, परत जाऊन सांग शेंगांचं. माइक सुरूच आहे अजून."

चहाच्या वेळी हणमंतराव माझ्याकडे आले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "बेटा, माझं चुकलं असेल तर मी दुरुस्त करीन. पण योगीराजांनी मला असं का सांगितलं?" मी म्हटलं, "ते त्यांनाच विचारा, काका." दुसरं काय म्हणणार? तुझ्या वतीनं खोटं बोलता आलं नसतं, आणि तुझ्या वतीनं खरं बोलायचा मला हक्क नाही. गुरुवारी त्यांच्या घरी जातोच आहे, म्हणाले. मग आप्पांच्या शेजारी जाऊन बसले आणि पाटी मागून घेतली. त्यांना बोलता येतं, तरी ते पाटीवर लिहून विचारत होते. काय विचारत होते ते मी पाहिलं नाही.

वहिनी जाताना माझ्याशी एकच वाक्य बोलल्या. "मला दोन वर्षांत एकदाही सांगावंसं वाटलं नाही त्यांना?" घरी गेल्यावर त्यांनी तुला काय विचारलं, किंवा काहीच विचारलं नाही, हे मला कळायचा मार्ग नाही. मला वाटतं, त्या वाट बघत असतील.

म्हणून हे पत्र. गुरुवारी ते विचारतील आणि मग तू सांगशील, तर ते उत्तर होईल. त्याआधी तू आपणहून सांगितलंस तर ते सांगणं होईल. सोमवार, मंगळवार, बुधवार, एवढे दिवस तुझ्याकडे आहेत. तू पकडला गेलास असं व्हायला मला नको आहे. आप्पांनाही नको आहे. काल रिक्षात त्यांनी लिहिलं, 'त्याला आधी कळव.'

तुला माझ्याशी पुन्हा बोलायचं नसेल तर मी समजून घेईन. समजून घेईन म्हणजे मला आवडेल असं नाही.

रंजिता


२८ नोव्हेंबर

अण्णा,

रिसेप्शनवरच्या मुलीनं पाकीट माझ्यासमोरच तुझ्याकडे वर पाठवलं होतं, तेव्हा पत्र तुला मिळालं हे मला माहीत होतं. त्यानंतर मंगळवार गेला, बुधवार सकाळ गेली. मी ऑफिसात एकाच प्रोग्रामच्या चुका पुन्हा पुन्हा नोंदवल्या. माझ्या वरिष्ठांनी मला घरी पाठवलं.

म्हणून बुधवारी दुपारी तुझा फोन आला तेव्हा मी घरी होते. तू आईला काय म्हणालास ते ऐकू आलं नाही. आई फक्त म्हणाली, "त्यांना बोलता येत नाही रे बाळा." मग थोडं ऐकून म्हणाली, "बरं. ऐकायला येतं त्यांना." आणि फोन आप्पांच्या हातात देऊन ती स्वयंपाकघरात गेली, तिथे काही काम नव्हतं तरी.

तिकडून तुला दिसत नव्हतं, म्हणून इकडचं लिहिते. आप्पा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. पाटी मांडीवर घेतली होती, सवयीनं. तिच्यावर काही लिहिलं तर तुला दिसणार नाही हे त्यांच्या थोड्या वेळानं लक्षात आलं, मग ती खाली ठेवली. एकदा ओठ हलवले. एकदा हुंकार दिला, तेवढा त्यांना देता येतो. तो तुला ऐकू गेला असेल. खाली भाजीवाला कन्नडमध्ये ओरडत होता, तर मी उठून खिडकी लावली.

तू बराच वेळ बोलत होतास.

मग त्यांनी हातानं मला बोलावलं आणि फोन माझ्यापुढे धरला. मला वाटलं तू ठेवलास. कानाला लावला तर तू बोलतच होतास. आप्पांच्या हातातून फोन गेला हे तुला कळलं नव्हतं. 'काल सुचेताच्या बाबांना मी सांगितलं, माझे वडील' एवढे शब्द माझ्या कानावर आले. पुढचं आप्पांना मला ऐकवायचं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्यांना साक्षीदार हवा होता.

पण ते तू त्यांना सांगत होतास. मी पुढचं ऐकलं नाही. फोन परत त्यांच्या कानाला लावला आणि तू ठेवेपर्यंत तसाच धरून उभी राहिले.

रंजिता